खरखरीत तळवे

माझी भाची सायली कमांडो तुकडीत निवडली गेली, म्हणून काल आमच्या सोसायटीनं तिचा सत्कार केला. नारळ देताना सेक्रेटरींच्या पत्नीनं तिचा तळवा हातात घेतला आणि त्या कळवळल्या, "अगंबाई, किती खरखरीत झालेत गं! रोज साय चोळत जा." मग बाकीच्याही ते हात पाहून हळहळल्या.

मला वैताग आला. दोरावर चढून-उतरून पडलेले घट्टे होते ते. मुलाच्या हातावर असते, तर सगळ्यांनी कौतुकानं फोटो काढले असते. मुलीनं काहीही पेलावं, पण हात मात्र मऊ ठेवावेत, ही अपेक्षा आपल्याला सोडवत नाही. शिवाय हे सगळं प्रेमानं चालतं, त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

घरी येताना मी फणफणत विचारलं, "तू गप्प कशी बसलीस?"

सायली हसली नाही. म्हणाली, "मावशी, प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी उस्तादांनी हात बघितले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, असले मऊ हात इथे चालत नाहीत. आता हे इथे चालत नाहीत. तिसरे कुठून आणू?"