पोच आल्याशिवाय खोडू नये

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी लातूरच्या टँकर कक्षात कंत्राटी प्रोग्रॅमर होते. कुठल्या गावाला टँकरच्या किती खेपा, हे माझ्या डेटाबेसवरून ठरायचं. एका गावात बोअरला पाणी लागलं, म्हणून त्याची एक खेप निलंग्याकडच्या एका वस्तीला द्यायची होती. ऑपरेटरनं बटण दाबलं आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीचीच बसलेली.

दोन दिवसांनी वस्तीवरून एका बाईचा फोन आला. "ताई, टँकर येनार म्हनले व्हते. कुठं हाय? लेकरं लई हैरान झालीत."

पाहते तर खेप गावातून वजा झालेली आणि वस्तीच्या खात्यावर नाहीच. साहेब ऑपरेटरवर घसरले. मी म्हटलं, "चूक माझी आहे." दोन हुकूम मी सुटे लिहिले होते, आधी इथून काढ, मग तिथं घाल. मधेच लाईट गेली तर पाणी कुणाचंच नाही. फोनाफोनी करून टँकर पाठवला, पण मला जेवण गेलं नाही.

घरी बाबांना सांगितलं. बाबा कचेरीत शिपाई होते. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा जुन्या जिल्ह्यातून दप्तराचे गठ्ठे एसटीनं तेच आणायचे. तिथला कारकून गठ्ठा देतानाच आपल्या वहीतली त्याची नोंद खोडायला बघायचा. बाबा हात आडवा घालायचे. लातूरची पोच आणतो, मग खोडा. कारकून म्हणायचा, शिपाई आहेस, साहेब होऊ नको. बाबा बधले नाहीत.

"वाटंत काई झालं, तर गठ्ठा जुन्याच जिल्ह्याचा ऱ्हायला पायजे का न्हाई?" बाबा म्हणाले. "तुह्या मशीनला येवढं कळंना व्हय, माय?"

मशीनला कळतं. सांगायचं मीच विसरले होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही हुकूम मी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधले. दोन्ही पूर्ण झाले तरच कमिट, म्हणजे नोंद पक्की. मधे काही बिघडलं तर रोलबॅक, म्हणजे सगळं होतं तसं. मग साहेबांना बोलावलं, खेप हलवायला लावली आणि अर्ध्यातच सरळ प्लग उपटला. साहेब ओरडलेच. मशीन पुन्हा चालू केलं. खेप पहिल्या गावाच्या खात्यावर शाबूत होती. परत बटण दाबलं, ती वस्तीच्या खात्यावर गेली. त्या उन्हाळ्यात लाईट रोज गेली, खेप एकही हरवली नाही. मला त्याचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही.

प्रोग्रॅममध्ये माणसांसाठी टीप लिहिता येते, मशीन ती वाचत नाही. सगळ्यात वर मी लिहिलं, "पोच आल्याशिवाय खोडू नये."

साहेबांनी विचारलं, "हा नियम कुठल्या अधिकाऱ्याचा?"

मी खाली आणखी एक शब्द टाईप केला. शिपाई.