जावयांचा गिअर

तेव्हा मी वडशात एका लाकूड ठेकेदाराचा ट्रक चालवत होतो. दुसऱ्या ठेकेदाराच्या ट्रकशी आमची दर रविवारी सरळ रस्त्यावर शर्यत लागायची. ट्रक सागवान वाहण्यासारख्या क्षुल्लक कामासाठी असतो, असं दोन्ही मालकांना वाटत नसे.

एकदा आमच्या ट्रकच्या पहिल्या गिअरचे दात झडले, तेव्हा आमच्या मालकांचे जावई पुढे सरसावले. ते नागपूरला शिकलेले होते. काय शिकलेले, हे कुणी विचारलं नव्हतं. नागपूरहून लेथवर कातून आणलेला, अजून कडक न केलेला कच्चा गिअर त्यांनी गावातल्या लोहारणीच्या भट्टीत लालबुंद करवला आणि तेलात बुडवला.

"आता याले मंद आचेवर पुन्हा तापवा लागते, भाऊ," लोहारीण म्हणाली. "धानाच्या तणसावानी पिवळा रंग आला की काढाचं. नाई तर काचेसारखा फुटते."

"कडक केलेलं पुन्हा नरम कशाला करायचं?" जावई हसले.

रविवारी मी क्लच सोडला. ट्रक हातभर पुढे गेला आणि खालून सुपारी फोडल्यासारखा आवाज आला.

पुढचा गिअर लोहारणीनं कुणाला न विचारता आपल्या पद्धतीनं तापवला आणि दात चिकण्या दगडानं घासून गुळगुळीत केले. आम्ही जिंकलो. हार अर्थातच जावयांच्या गळ्यात पडला. पोलादाच्या स्वभावावर ते बराच वेळ बोलले.

नंतर मी भट्टीवर गेलो. ती विळे शेवटत होती, तापवून ठोकून त्यांना धार काढत होती.

"काय म्हणत होते ते?"

"तुमचंच सांगून राह्यले होते, बाई. फक्त तुमचं नाव राह्यलं."

ती हसली नाही. मला लाज वाटली, कारण टाळ्या मीही वाजवल्या होत्या.