तिसरं झाकण

क्रिकेट बघायला सगळं गाव आहे. मला आवडतात ते ऑलिम्पिकमधले बेवारस खेळ: तिरंदाजी, होड्यांच्या शर्यती, एकाच माणसाला पोहायला, पळायला आणि तलवार चालवायला लावणारा तो विचित्र प्रकार. नियम मला अर्धेमुर्धेच ठाऊक असतात, पण सोफ्यावर बसून सांगते मात्र अशा थाटात, की पंचांनीही वही काढून लिहून घ्यावं. नवरा हळूच उठून जायचा. मनापासून ऐकणारी एकटी आई.

आई उत्तनची कोळीण. बाबा गेल्यावर आमच्याकडे भाईंदरला फ्लॅटवर राहायला आली होती. त्याआधी चाळीस वर्षं मासळीची पाटी डोक्यावर घेऊन राई-मुर्धा गावांतली घरं फिरलेली.

गेल्या ऑलिम्पिकला एका सकाळी आम्ही चालण्याची शर्यत लावली. मी नियम सांगितले. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, पुढे टाकलेला गुडघा वाकता कामा नये. चुकलं की लाल कार्ड. तीन कार्डं झाली की बाद. कंबर हलवत चालणाऱ्या त्या बायकांना सगळे हसतात. आई हसली नाही, पुढे सरकून बसली.

"ही आपलीच चाल हाय," ती म्हणाली. "पाटी डोक्यावर असली की उडून चालता येत न्हाय. मासळीचं पाणी मानेवरून पाठीत उतरतं."

मग कॉमेंट्री माझ्या हातून गेलीच. ती निळीवाली बरी चालतेय. ही मागची उडतेय, हिची पाठ आतापर्यंत भिजली असती. तिने हेरलेल्या दोघींना खरंच कार्डं मिळाली, तेव्हा मी मुकाट चहा टाकायला उठले.

दिवाळीनंतर तिला पॅरालिसिसचा झटका आला. डावा पाय जड झाला. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, रोज चालवा, चालल्या तर पुन्हा आपल्या पायावर उभ्या राहतील. लिफ्टपासून जिन्यापर्यंतचा पॅसेज हे आमचं मैदान झालं. मी कॉमेंट्री करायचे, "उत्तनची खेळाडू आता जिन्याच्या वळणावर पोहोचतेय..." लोणच्याच्या बरणीचं लाल झाकण हे कार्ड. गुडघा वाकला की झाकण वर.

"अगो, माझा पाय तर जमिनीवरून उठतच न्हाय, मला कसलं कार्ड?" ती म्हणायची, आणि हसण्यात आमच्या दोन फेऱ्या वाया जायच्या. दिवसाला दोनच झाकणं, तिसरं कधी नाही, हे मी मनाशी ठरवलेलं होतं. महिनाभरात ती जिन्यापर्यंत काठीवर एकटी जायला लागली.

त्या दिवशी मला ऑफिसला उशीर झाला होता. तिथून सारखे फोन येत होते. दोन झाकणं दाखवून झाली होती आणि आई समोरच्या दारापाशी थांबलेली. शेजारीण "मौसी, पानी पियो" म्हणत ग्लास घेऊन आली होती. आई सावकाश घोट घेत होती, तिच्याशी काहीतरी बोलत होती. मी झाकण वर केलं.

"तिसरं. बाद!"

"बाद?"

"बाद म्हणजे बाद. चल आता घरात."

तिने ग्लास परत दिला आणि आत आली. दुसऱ्या दिवशी चालायला उठवलं तर म्हणाली, "मी बाद हाय ना." मला वाटलं, थट्टा करतेय. त्यानंतरही ती उठली नाही. मी हात जोडले, रागावले, झाकण कचऱ्यात टाकून दाखवलं. ती नुसती मान हलवायची. खेळातलं खेळात ठेवणं तिला कळत नव्हतं, असं नाही. तिला माझा आवाज कळला होता. आपण हिला जड झालो, एवढं त्यात स्पष्ट ऐकू येत होतं.

पलंगावरून ती उठलीच नाही. मार्चमध्ये दुसरा झटका आला आणि ती गेली. डॉक्टर म्हणाले, चालण्याचा याच्याशी संबंध नाही. असेल तसं. मला स्वतःचा राग येतो तो येतोच.

परवा फोनवर कुठल्याशा स्पर्धेतली चालण्याची शर्यत बघत होते. एका मुलीला तिसरं लाल कार्ड मिळालं. "बाद," मी रिकाम्या सोफ्याकडे बघून म्हणाले. पण ती बाद झाली नाही. रस्त्याच्या कडेला एक आखलेली जागा होती, तिथे जाऊन उभी राहिली. मी पहिल्यांदाच नियम उघडून नीट वाचले. तिसऱ्या कार्डाला नुसतं थोडा वेळ थांबायचं असतं. बाद चौथ्याला.

मुलगी पाणी प्यायली, तिने घड्याळाकडे बघितलं आणि वेळ संपल्यावर पुन्हा चालू लागली. आई त्या दिवशी पॅसेजमध्ये तेवढंच करत होती. थांबली होती, पाणी पीत होती.