पारखीमामांचा सौदा

माझ्या दुकानातलं नकाशांच्या नकला काढायचं मशीन फार चांगलं निघालं, आणि हेच माझ्या मनाला लागून राहिलं आहे. ते महिन्याभरात बंद पडलं असतं, तर केल्याची शिक्षा मिळाली असं समजून मी मोकळा झालो असतो. पण ते वर्षानुवर्षं चाललं. त्याच्या जिवावर माझं घर उभं राहिलं. आणि ज्या दिवशी ते दुकानात सुरू झालं, त्याच दिवशी मी एका सरळ माणसाला चारचौघांत खोटं पाडलं. तो माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. त्यांच्याविषयी लिहायचं, तर हे आधी सांगून टाकायला हवं; नाहीतर पुढचं सगळं कौतुक मलाच खोटं वाटेल.

उमरेडच्या बाजूला त्यांना सगळे पारखीमामा म्हणत. मी मामाजी म्हणायचो. उमरेडजवळच्या एका खेड्यात त्यांची शेती होती. पण त्यांची ओळख होती ती बैलबाजारातली. दोन अनोळखी शेतकऱ्यांमध्ये सौदा ठरवायचा असला की लोक मामाजींना शोधत यायचे. मामाजी खांद्यावरचा दुपट्टा काढायचे, विकणाऱ्याचा हात त्याखाली घ्यायचे आणि बोटं दाबून भाव विचारायचे. मग तसाच घेणाऱ्याचा हात. वर चेहऱ्यावर काही नाही, गप्पा पावसापाण्याच्या. बघणाऱ्याला भाव कधी कळायचा नाही. शेवटी मामाजी दोघांचे हात एकमेकांत द्यायचे आणि सौदा पक्का व्हायचा. कागद नाही, साक्षीदार नाही. मामाजींनी हात दिला म्हणजे झालं. या कामाबद्दल ते चहा आणि पान एवढंच घ्यायचे.

मला या प्रकाराचं फार कुतूहल वाटायचं. एकदा मी विचारलं, "मामाजी, दोघांपैकी एकानं नंतर नाही म्हटलं तर?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी सूर्य उगवला नाही तर काय असं विचारलं होतं. "काहून म्हणन?" एवढंच म्हणाले.

सत्तरच्या दशकात सीताबर्डीच्या एका बोळात माझं छोटंसं दुकान होतं. ठेकेदार आणि घरं बांधणारे लोक नकाशे घेऊन यायचे. मी ते ट्रेस करून त्यांच्या नकला काढून द्यायचो. मशीन नव्हतं. लाकडी चौकटीत काचेखाली ट्रेसिंग आणि मसाल्याचा, म्हणजे रसायन लावलेला, कागद दाबायचा, गच्चीवर उन्हात धरायचा आणि मग अमोनियाच्या वाफेच्या पेटीत गुंडाळून ठेवायचा, की रेषा उमटत. नागपूरचं ऊन फुकट होतं, पण लहरी. एप्रिलात नजर जरा हलली की सगळा कागद पांढरा. आभाळ आलं की धंदा बंद. गिऱ्हाईक माझ्याबरोबर आकाशाकडे बघत बसायचं आणि मग उठून मशीन असलेल्या मोठ्या दुकानात जायचं.

मामाजी एकदा दुकानात आले, तेव्हा मी पेटी उघडली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी मात्र मान पुढे करून खोल श्वास घेतला आणि खूश होऊन म्हणाले, "अरे, हे तं आपल्या गोठ्यासारखं वासते!" मग पेटीभोवती फिरून आले. "जवाईबापू, हे खाते काय? पिते काय? रोजचं का एकादिवसाआड?" मी समजावून सांगितलं. त्यांना रसायनाचं काही कळलं नसावं, पण कागदावर जांभळी रेषा हळूहळू वर येताना बघून ते उकिडवेच बसले. "पुन्हा दाखवा," म्हणाले. त्या दिवशी मी गिऱ्हाइकाची नसलेली एक नकल फक्त त्यांच्यासाठी काढली.

नवं मशीन घेणं माझ्या आवाक्यात नव्हतं. मुंबईच्या एजंटाकडून भाव ऐकला आणि कॅटलॉग गुंडाळून परत दिलं. तेव्हा मामाजींनी जाहीर केलं, "जुनं पाहू. म्या येतो संगं." मशीनमधलं आपल्याला काही कळत नाही, हे त्यांनी कधी लपवलं नाही. "पण मालक तं कळते ना," म्हणायचे.

मग आमच्या वाऱ्या सुरू झाल्या, आणि त्यांच्या एकेक सवयी मला कळत गेल्या. पहिली म्हणजे, आगाऊ खबर देऊन ते कधी जायचे नाहीत. "खबर देल्ली का मालक बैलाले आंघोळ घालून उभा करते." इतवारीतल्या एका ठेकेदाराकडे आम्ही भर दुपारी जाऊन थडकलो. ठेकेदार मशीनला टेकून घोरत होता. मामाजींनी मला तिथूनच मागे ओढलं. "मशीन चालत असतं तं त्याले इथं झोप आली असती का?"

दुसरी सवय अशी की, "विकून काहून राहिले?" हा प्रश्न ते विचारायचे जरूर, पण उत्तर ऐकायचे नाहीत. त्या वेळी ते घरातल्या इतर माणसांच्या तोंडाकडे बघत बसायचे. यात ते चुकायचेही. धरमपेठेतल्या एका घरातलं मशीन त्यांनी डोळे मिटून पसंत केलं, कारण त्या घरातली माणसं फार चांगली होती आणि चहात वेलची होती. मी आतली काचेची नळी बघितली तर ती आडवी तडकलेली. घरी आल्यावर माझी बायको सुमन हसून हसून बेजार झाली. "मामा, तुम्ही मशीन पाहाले गेल्ते का चहा प्याले?"

"माणसं खरंच चांगली होती वं," मामाजी म्हणाले. "नळीले म्या काय करू?"

शेवटी उमरेडलाच एक मशीन निघालं. झाडेसाहेब नावाचे खासगी सर्वेअर होते. कोळशाच्या खाणीच्या ठेकेदारांची मोजणीची कामं करायचे. आता काम सोडून शेती बघणार होते. मी जाऊन मशीन पाहिलं. ते जुनं पण नीट होतं. झाडेसाहेब किमतीवर अडून बसले होते. पुढची बोलणी मामाजींवर सोपवून मी नागपूरला परतायला निघालो. एसटीच्या खिडकीतून मी म्हणालो, "मामाजी, जमेल तसं जमवा. पटलं की हात देऊन टाका. तुमचा हात तो माझाच हात."

"पक्कं ना, जवाईबापू? नाही तं म्या नाही पडत मंधात."

"पक्कं."

त्या आठवड्यात नागपूरजवळच्या वाडीच्या एका गोदामात मला दुसरं मशीन दिसलं. एक बांधकाम कंपनी गाशा गुंडाळत होती. मशीन जवळजवळ नवं, भाव झाडेसाहेबांच्यापेक्षा कमी. आज घ्या नाहीतर उद्या दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, असं गोदामवाला म्हणाला. मी घेतलं. मामाजींना आज कळवू, उद्या कळवू, असं मनाशी म्हणत राहिलो. उमरेड काही विलायतेत नव्हतं. जाणारी-येणारी कितीतरी माणसं होती. मामाजींचं बोलणं अजून ठरलंच नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे, ठरलं असेल याचीच मला भीती होती.

वाडीचं मशीन दुकानात बसलं, त्याच सकाळी बोळाच्या तोंडाशी ट्रक थांबला. मागच्या हौद्यात झाडेसाहेबांचं मशीन दोरांनी बांधलेलं आणि त्याला एका हातानं धरून मामाजी उभे. मशीनच्या कपाळावर, म्हणजे जिथे त्यांना कपाळ वाटलं तिथे, त्यांनी हळदीकुंकू लावलं होतं. घरी नवा बैल आणावा तसं ते आणलं होतं. वरूनच ओरडले, "सुमनले बलवा! म्हणा, पायावर पाणी टाकाले ये!" बोळातले दुकानदार हसत हसत बाहेर आले. पुढच्या बाजूनं झाडेसाहेब उतरले, दुकानाच्या दारात आले आणि आतल्या चालू मशीनकडे बघून तिथेच थांबले.

"हे काय?" ते म्हणाले. "मामा तर म्हणाले सौदा पक्का. दुसरं गिऱ्हाईक मी दारातून परत पाठवलं."

मामाजी तोवर खाली उतरून आले होते. बोळातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. त्या क्षणी मला एवढंच वाटलं, की ही दोन मशीनं मला झेपणार नाहीत आणि आपलं हसं होता कामा नये. मी म्हणालो, "मी त्यांना फक्त चौकशी करायला सांगितलं होतं. सौदा त्यांनी परस्पर केला."

झाडेसाहेब मामाजींकडे वळले. "मामा?"

मामाजींनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, बैलाच्या डोळ्यांत बघतात तसं, हे काय दुखणं आहे ते शोधत. मग झाडेसाहेबांना म्हणाले, "माहीच गलती झाली, साहेब. ऐकताना चुकलो असन म्या. माफी करा."

ट्रक परत गेला. मामाजी पुन्हा हौद्यातच चढले, मशीन धरायला.

त्या संध्याकाळी सुमननं विचारलं, "खरं सांगा, मामा चुकले का?" मी म्हणालो, वय झालं आता त्यांचं. त्यानंतर माझ्यासमोर तिनं मामांचं नाव काढणं कमी केलं.

मामाजी मात्र यायचे. दिवाळीला, मुलीच्या बारशाला. "कसं चालते मशीन?" म्हणून आवर्जून विचारायचे, दुकानात येऊन कागद आत जाताना आणि बाहेर येताना बघायचे. एकदा तर म्हणाले, "चांगलं जनावर भेटलं तुमाले." मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधत राहिलो. तो नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बऱ्याच वर्षांनी एका ठेकेदाराच्या कामाला उमरेडला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. मामाजी भेटतील म्हणून बैलबाजारात शिरलो. ते एका निंबाखाली एकटेच बसले होते. समोर सौदा चालला होता आणि दुपट्टा कुणा दुसऱ्याचाच होता. मला वाटलं, थकले असतील. शेजारच्या एका म्हाताऱ्याला सहज विचारलं, "पारखीमामा आता सौदे करत नाहीत का?"

"कोण करू देईन?" तो म्हणाला. "झाडेसाहेबाले त्यानं नागपूरच्या जवायाच्या नावानं हात देल्ला आन् जवायानं भर रस्त्यात सांगतलं का बुढ्यानं मनानंच केलं. दुसऱ्याचं नाव घेऊन खोटा हात देणाऱ्याच्या दुपट्ट्याखाली कोण हात घालन गा?" मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. "तरी येते बिचारा दर बाजारी. बसते. बैल पाह्यते. जाते."

मी मामाजींना न भेटताच परत आलो. खोटं माझं होतं, हे एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या भाचीलाही नाही. त्या रात्री मी सुमनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले सांगून काय उपयोग? जिथं त्यायचं नाव गेलं तिथं जाऊन सांगा."

पुढच्या बाजाराला आम्ही दोघं उमरेडला गेलो. आधी झाडेसाहेबांच्या घरी गेलो आणि हात जोडून त्यांना बरोबर यायला सांगितलं. कशासाठी ते विचारत ते आले. मामाजी निंबाखालीच होते. आम्हाला बघून उठले. "सुमन, तू इथं काहून आली वं, उन्हाची?" मी त्यांचा हात धरला आणि त्यांना सौदा चालला होता तिथे घेऊन गेलो. माझ्या मनातलं त्यांच्या लक्षात आलं असावं. ते हळूच म्हणाले, "राहू द्या जवाईबापू, कायले जुनं उकरता? हसतीन लोकं तुमाले."

माणसं जमली होती. मी झाडेसाहेबांकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणालो, "मी यांचा नागपूरचा जावई. सौदा करा, तुमचा हात तो माझाच हात, असं मीच यांना सांगितलं होतं. यांनी खोटा हात दिला नव्हता. खोटं मी बोललो, आणि यांनी ते स्वतःवर घेतलं. झाडेसाहेब, तुमचा अपराधी मी आहे. मामाजी, इतकी वर्षं तुम्हाला इथं एकटं बसवलं ते मी. मला माफ करा."