साडूबुवांचं रान

आमच्या साडूबुवांइतका घाबरट माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा झाला नसेल, आणि गंमत अशी की स्वतःसाठी ते आयुष्यात एकदाही घाबरले नाहीत. एकदा पायाला विंचू चावला, तर "त्याचं बी काही कारण आसंल" एवढं बोलून त्यांनी चुना लावला आणि पानावर येऊन बसले. पण वैशाखात दूर कुठं धुराची रेघ दिसली की हातातला घास हातातच राहायचा. "साडभाऊ, त्यो धूर चुलीचाच हाय ना?" असं ते मला विचारायचे, आणि मी "चुलीचाच" म्हटलं तरी उठून ओट्यावर जाऊन उभे राहायचे. ही सगळी भीती होती एका रानासाठी. डोंगरकडा गावाच्या वरच्या अंगाला एक डोंगर आहे. खालून पाहिला तर उघडाबोडका माळ. पण माथ्यावर जाऊन डावीकडं वळलं की एकदम जमीन फाटल्यासारखा दरा लागतो, आणि त्या दऱ्यात मोह, साग, अर्जुनाची झाडं अशी दाटलेली की भर उन्हाळ्यात खाली ओल असायची. अस्वलांच्या भीतीनं गावातलं कुणी तिकडं फिरकत नसे, त्यामुळं आत काय आहे हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या रानाला काही होऊ नये या काळजीत आमच्या साडूबुवांनी आपली हयात घातली.

माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. तिला आम्ही आक्का म्हणत असू. मी बेकार बसलेलो पाहून आक्कानंच त्यांच्यामागं लकडा लावला आणि त्यांनी मला संस्थेत कारकून म्हणून चिकटवलं. ही संस्था हैदराबादेतल्या काही भल्या माणसांनी काढली होती. एक रिटायर जज्जसाहेब अध्यक्ष होते. देशात जी काही रानं उरली आहेत ती जशी आहेत तशी राहू द्यावीत, एवढाच संस्थेचा हेतू. नावात सारा हिंदुस्थान होता. प्रत्यक्षात हैदराबादेत एक खोली आणि आमच्याकडं आम्ही तिघं. साडूबुवा व्यवस्थापक, मी कारकून, आणि डोंगरकड्याचे चाचा राखणदार. चाचांचा सारा जन्म साहेबलोकांच्या शिकारीत हाकारे घालण्यात गेला होता. आता जनावर उठवायचं नाही एवढंच काम आहे म्हटल्यावर ते पहिले सहा महिने आजारी असल्यासारखे दिसायचे. खरं सांगायचं तर संस्थेच्या कामाचं स्वरूप कुणाला समजावून सांगणं फार अवघड होतं. झाडं लावायची नाहीत, तोडायची नाहीत, वाट करायची नाही, कुंपण घालायचं नाही. जवळा बाजारच्या एका कापूसवाल्यानं एकदा साडूबुवांना सरळच विचारलं, "मंग तुमी दिवसभर करता तरी काय?" साडूबुवा जरा विचार करून म्हणाले, "काही होऊ देत न्हाई."

हे काम त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की रानातून परत आले की अंगणात बसून धोतराला चिकटलेली कुसळं एकेक करून काढायचे, कागदात पुडी बांधायचे आणि दुसऱ्या दिवशी जिथली तिथं नेऊन सोडायचे. त्यांना खोकल्याचा जुना त्रास होता. रानात उबळ आली की तोंडावर उपरणं दाबून हद्दीपर्यंत पळत यायचे आणि बाहेर येऊन मनसोक्त खोकायचे. कधी कधी हद्दीवर पोचेपर्यंत उबळ जिरून जायची, मग ते थोडे खट्टू व्हायचे. बाजाराच्या दिवशी तर त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. लोहाराच्या पालापुढं ते उभे राहायचे आणि जो कुऱ्हाड घेईल त्याला "काहून घेऊन राहिले? घरी पहिली न्हाई का?" असं हटकायचे. त्यातून दोनदा भांडण झाल्यावर त्यांनी वेगळी तोड काढली. लोहाराकडच्या कुऱ्हाडी तेच विकत घेऊ लागले, म्हणजे दुसऱ्याच्या हाती पडायला नकोत. लोहार खूश झाला आणि दुपटीनं कुऱ्हाडी घडवू लागला. शेवटी आक्कानं माजघरातला तो ढीग पाहून कपाळाला हात लावला, "बायकांच्या घरात भांडे असतेत, माह्या घरात कुऱ्हाडी. चोर आला तर त्याला वाटंल आपल्याच घरी आलो."

लेकीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. मांडवावर घालायला गावकऱ्यांनी जांभळीच्या डहाळ्या गाडीभर आणल्या. त्या पाहताच साडूबुवांचा चेहरा उतरला. डहाळ्या कुठल्या, कुणी तोडल्या, कुठल्या बाजूनं गाडी आली, हे ते वऱ्हाडात शिरून विचारत सुटले. समाधान होईना तेव्हा अंगावरच्या नव्या उपरण्यानिशी डोंगराची वाट धरली. इकडं मंगलाष्टकं सुरू झाली, अंतरपाट दूर झाला, आणि कन्यादानाला बापाच्या जागी मला बसवावं लागलं. जांभळी ओढ्याकाठच्याच होत्या, रानातल्या नव्हत्या, अशी खात्री करून ते घामाघूम होऊन परतले तेव्हा पंगत उठत होती. आक्कानं आठवडाभर त्यांचं पान बाहेर ओट्यावर वाढलं आणि लेक मात्र हसत होती. "बापू रानात न्हाई गेले असते तर मला वाटलं असतं त्यांची तब्येत बिघडली," असं ती नवऱ्याला सांगत होती.

आम्ही त्यांना हसायचो ते असं. पण मग दुसरी मोठी लढाई आली, पेट्रोल मिळेना, आणि वारंगा फाट्यावर येणाऱ्या मोटारींच्या पाठीला लोखंडी पिंप दिसू लागलं. त्यात लाकडाचा कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर मोटार चालवायची. क्लीनर पोरं चेहरे काळे करून ते पिंप ढवळत बसायची. आमच्या लोकांना ते नवलाचं वाटलं. साडूबुवांनी मात्र ते पिंप एकदा पाहिलं, मग डोंगराकडं पाहिलं, आणि त्या दिवसापासून त्यांचं अन्नावरचं मन उडालं. त्यांची भीती या खेपेला खरी ठरली. परभणीचा एक लाकडाचा गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, कोळशासाठी डोंगर शोधत आमच्या तालुक्यापर्यंत आला. संस्थेकडं ते रान सरकारी पट्ट्यानं होतं आणि पट्ट्याची मुदत संपत आली होती. गुत्तेदारानं तालुकदारसाहेबांकडं, म्हणजे तेव्हाच्या कलेक्टरकडं, अर्ज लावला. साहेब म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो. राखण्यासारखं रान असेल तर संस्थेचा पट्टा वाढवू, नसेल तर गुत्तेदारानं तोडावं. जज्जसाहेबही मुद्दाम हैदराबादेहून यायला निघाले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच आपलं रान बघणार होते.

चैत्र होता, मोह गळत होता. साहेब यायच्या आदल्या दिवशी चाचा धापा टाकत आले. "साब, काली आई दरे में. दो बच्चे पीठ पो बैठे." काली म्हणजे दऱ्यातली अस्वलीण. मला आनंद झाला, अस्वल आहे म्हटल्यावर साहेबाला आणखी काय हवं! पण साडूबुवांना दुसरीच धास्ती पडली. आमच्यात त्यांनीच घालून दिलेला एक नियम होता. पिल्लं आईच्या पाठीवर आहेत तोवर दरा बंद. आम्ही तिघांनीसुद्धा आत पाऊल टाकायचं नाही. चाचा वरच्या कड्यावरून बघायचे आणि मागं फिरायचे, तेवढंच. आता साहेब, गुत्तेदार, चपराशी, गावचे पाटील, असा सारा लवाजमा त्या दऱ्यात उतरणार होता. अस्वल अंगावर आल्याशिवाय राहणार नव्हतं आणि साहेब बंदूक उचलल्याशिवाय राहणार नव्हते. बंदूक मुक्कामावर ठेवता येईल का असं साडूबुवांनी तयारीसाठी आधी आलेल्या चपराशाला हळूच विचारून पाहिलं. तो हसायलाच लागला. "साब तो बंदूक के बगैर पान खाने बी नै जाते."

"अहो, उद्या दरा दाखवला नाही तर दराच राहणार नाही," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले.

"मग?"

"दाखवू की. न दाखवून कसं भागंल?" असं म्हणून ते आत गेले, परत बाहेर आले, म्हणाले, "पण बंदूक," आणि पुन्हा आत गेले. संध्याकाळपर्यंत असंच चाललं होतं. मला त्यांचा राग येत होता आणि दयाही येत होती. मला स्वतःला काळजी होती ती वेगळीच, कारण संस्था गेली की माझी नोकरीही जाणार होती.

सकाळी सगळे डोंगर चढले. पुढं साडूबुवा, मागं टोपी घातलेले तालुकदारसाहेब, त्यांच्यामागं काठी टेकत जज्जसाहेब, मग गुत्तेदार आणि बाकीची मंडळी. माथ्यावर वाट फुटते. डावीकडं दरा, उजवीकडं माळ. तिथं साडूबुवा थांबले. त्यांच्या मानेवरून घामाचे ओघळ चाललेले मला दिसत होते. मागून साहेब म्हणाले, "चलिए." आणि साडूबुवा उजवीकडं वळले. मी धावत त्यांना गाठलं. "साडूबुवा, वाट चुकलात," मी कुजबुजलो. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "पिल्लं अजून पाठीवर हाईत वो."

मग आम्ही त्या माळावर हिंडलो. तरवडाची झुडपं, वाळलेलं गवत, दगड. कुठं एखादी बोर. ऊन चढलं, साहेबांचा चेहरा लाल झाला. जज्जसाहेब सावलीसाठी झाड शोधत होते आणि झाड नव्हतं. "यही है आपका जंगल?" तालुकदारसाहेबांनी विचारलं. साडूबुवा "जी" म्हणाले. जज्जसाहेब फार सभ्य माणूस, ते ओरडले नाहीत. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं आपण इथं काय राखत होता?" साडूबुवांनी हात जोडले. "जी, जसं होतं तसं." त्यावर तालुकदारसाहेब इतके हसले की त्यांना टोपी काढावी लागली. जज्जसाहेब हसले नाहीत. त्यांनी रुमालानं डोळे पुसले आणि दुसरीकडं पाहिलं. त्या माणसाचा तसा उतरलेला चेहरा पाहण्यापेक्षा त्यांनी आम्हाला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पट्टा वाढवण्याचा प्रश्नच नाही, साहेब म्हणाले, आणि गुत्तेदाराकडं वळले. गुत्तेदारानं एका झुडपाला बुटाची ठोकर मारली, चहूकडं नजर टाकली आणि थुंकला. "ह्यात कोळसा कुठला साहेब, राख बी निघायची न्हाई. मला नगं हे."

साडूबुवा होते तिथंच खाली बसले. साहेबांना वाटलं ऊन लागलं. त्यांनी आपल्या हातानं पाण्याची बाटली पुढं केली. साडूबुवांनी ती तोंडाला लावली, पण पाणी सगळं सदऱ्यावर सांडलं. अस्वलाला वाचवायला म्हणून ते वळले होते. आख्खं रान वाचेल असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगेन.

सरकारदरबारी तो डोंगर पडीक माळ ठरला आणि संस्थेनं आमची शाखा बंद केली. मी हिंगोलीला जिनिंगमध्ये लागलो. चाचा लेकाच्या घरी शेळ्या राखू लागले. साडूबुवा गावातच राहिले आणि गावानं त्यांची मनसोक्त टिंगल केली. जिथं काही नव्हतं ते हा माणूस राखून राहिला होता, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे आणि ते मान हलवायचे. ज्या माणसानं कुसळासाठी दोन कोस चालावं, त्यानं हे ऐकून घ्यावं, याचा मला फार त्रास व्हायचा. निदान जज्जसाहेबांना तरी खरं कळवा, असं मी त्यांना एकदा काकुळतीनं म्हणालो. त्यांनी नकार दिला. "कळलं की ते बघाया येतील. चांगला माणूस हाय, चार चांगली माणसं संगं आनंल. मागं वाट पडंल." स्वतःही ते पुन्हा कधी डोंगर चढले नाहीत. तिथं काही नाही तर हा कशाला जातो, असं लोकांच्या मनात येईल ही नवी काळजी त्यांना लागली होती. गुत्तेदारानं कोळशासाठी पैनगंगेच्या अंगाचं दुसरं रान धरलं हे कळलं तेव्हा ते दोन दिवस ओट्यावर त्या दिशेला तोंड करून बसून होते. "तिथं बी कुनाच्या पाठीवर पिल्लं आसतील, साडभाऊ," असं नंतर मला म्हणाले.

त्यांची माझी शेवटची भेट वारंगा फाट्यावर झाली. निजामाचं राज्य जाऊन थोडेच दिवस झाले होते. मला निरोप द्यायला ते मोटारीपर्यंत आले होते. फार थकले होते. उन्हं कलली होती. शेजारी एक तरुण मास्तर उभे होते, आमच्या भागात नवीनच आलेले, डोळ्यांत कुतूहल असलेले. डोंगराकडं बोट करून त्यांनी साडूबुवांनाच विचारलं, "आजोबा, त्या डोंगरावर काय आहे हो? संध्याकाळी पाखरं फार जातात तिकडं." पूर्वीचे साडूबुवा असते तर त्यांनी उलट इतके प्रश्न विचारले असते की मोटार सुटली असती आणि मास्तर फाट्यावरच राहिले असते. आता त्यांनी चटकन डोंगराकडं पाठ केली. "काही न्हाई जी. नुसता माळ हाय."

"मग पाखरं?"

"जात आसतील पल्याड कुठं, पान्याला."

मास्तर मोटारीत जाऊन बसले. साडूबुवा तसेच पाठ करून उभे होते. ते माझ्याजवळ सरकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "साडभाऊ, तुमी बघितली का? लई गेली का वो पाखरं?"

मी डोंगराकडं पाहिलं. थव्यामागून थवे माथ्यावर जात होते आणि डावीकडं खाली उतरून दिसेनासे होत होते.

"लई गेली," मी म्हणालो.