कुड्याचं पान

दुपारचे दोन वाजलेत. कोल्हापुरातल्या बंदुकांच्या दुकानात लवू गवस बाकावर बसलाय आणि त्याच्या पापण्या त्याचं काही ऐकत नाहीत. पहाटेची एसटी, दोन घाट आणि वर तांबड्या रश्श्याचं भरपेट जेवण. साठीच्या माणसाचं दुसरं काय होणार. मांडीवर एक रायफल आडवी आहे. हलकी आहे, इतकी हलकी की मांडीला तिची जाणीवच होत नाही.

रायफल त्याच्यासाठी नाही. उर्मिलासाठी आहे, त्याच्या चुलत भावाच्या, सहदेवच्या मुलीसाठी. सहदेव जाऊन सात वर्षं झाली. त्याची काजूची बाग डोंगराच्या पोटाशी आहे. रानडुकरं तिथे रात्रीचं नांगरून ठेवतात, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना आता उर्मिलाच्या नावावर झालाय. शनिवारी गावची माणसं वनखात्याचा कागद घेऊन वरच्या कड्याला डुकरांमागे जाणार आहेत आणि यंदा तीही जाणार आहे. बापाची जुनी बंदूक घेऊन कडा चढताना खांदा उतरतो, म्हणून तिला हलकी बोल्टची रायफल हवी. काउंटरवर तीन काढून ठेवल्या होत्या. तिने ही उचलली, खांद्याला लावली, हसली, लवूच्या मांडीवर ठेवली आणि परवान्याच्या झेरॉक्स काढायला खाली गेली.

जाण्याआधी ती एक गोष्ट बोलून गेली, आणि ती लवूच्या डोक्यातून जात नाही.

त्यांच्या गावात एक रीत आहे. चढण-उतरण लागली की काडतूस काढायचं, बोल्ट उघडा ठेवायचा आणि काडतूस बसतं त्या उघड्या चेंबरात कुड्याच्या झाडाचं हिरवं पान खोचायचं. पानाचं टोक बाहेर डोकावत राहतं. मागच्याला हिरवं दिसलं की तो निर्धास्त चालतो. दिसलं नाही तर विचारतो, "पान घातलंस?" आणि उत्तर मिळेपर्यंत कोणी पाऊल उचलत नाही. लवूने तिला याची आठवण करून दिली, तर ती म्हणाली, "काका, आता ता पान पुरे झालां. त्या दिवशी तुमच्या बंदुकीत पान होतांच मां? तरी बाबा गेलेच."



"बसा निवांत," दुकानदार इनामदार चष्म्यावरून म्हणतात. "कागद व्हायला वेळ लागतोय." आणि ते रजिस्टरात लिहू लागतात. वर पंखा फिरतोय. बंदुकीच्या तेलाचा वास आहे. पेनाची करकर ऐकू येतेय. लवूची मान खाली जाते, सावरते, परत जाते. करकर चालूच राहते, पण आता ती पेनाची राहिलेली नाही. वाळक्या पानांवरून कोणीतरी चालत येतंय.

काचेच्या कपाटामागून सहदेव येतो.

अंगात तीच खाकी अर्धी चड्डी. एका पायात चप्पल आहे, एका पायात नाही. मान डावीकडे थोडी कललेली, आणि ती तशी का आहे हे लवूला माहीत आहे. लवूला उठायचंय, पण पाय बाकाला चिकटल्यासारखे झालेत. सहदेव रागावलेला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं लवूला वाटतं.

"कोणाक घेतंस?" सहदेव विचारतो.

"उर्मिलाक."

"चेडू मोठां झालां तर." सहदेव काउंटरवरची पहिली रायफल उचलतो. जिवंतपणी बाजारात वांगी घेताना उचलायचा तशीच, दोन बोटांवर तोलून. "ही जड. दस्तो लाकडाचो, पावसात फुगतलो. पण हातात आसा म्हणान सतत कळता." तो ती ठेवतो, दुसरी घेतो. "हिची नळी आखूड. करवंदीत अडकाची नाय. आवाज मात्र कान फाडीत." मग तो लवूच्या मांडीवरच्या तिसऱ्या रायफलकडे बघतो. तिला हात लावत नाही. "ही बरी आसा. चढाक हीच बरी. झटको मारतली, पण ता सोसता येता."

"मग हीच घेव?"

"घे. पण हलक्या बंदुकीचां एक आसा, लवू. ती विसराक होता." तो वाकतो. त्याच्या तोंडाला ओल्या मातीचा वास येतोय. "पान घातलंस?"

"घातलंय," लवू म्हणतो. लगेच म्हणतो, न बघता.

सहदेव मान हलवतो. कललेली मान हलते ती बघवत नाही.

दुकानाची फरशी पायाला गार लागते, आणि ती फरशी नसतेच. गावच्या राखणदार देवाच्या देवळापुढचं सारवलेलं अंगण आहे. गावच्या बंदुका ओळीने देवापुढे मांडल्यात. सगळ्यांचे बोल्ट उघडे, सगळ्यांत हिरवी पानं. शिकारीला निघण्याआधी गाऱ्हाणं घालतात ते चाललंय. माणसं हात जोडून उभी आहेत, पण एकाचंही तोंड दिसत नाही, सगळ्यांच्या पाठी लवूकडे. ओळीत एकच बंदूक बंद आहे. ती कोणाची हे लवूला विचारावं लागत नाही. तो हळूच पाय पुढे सरकवतो, वाटतं कोणी बघायच्या आत उघडावी. गाऱ्हाणं थांबतं. पाठमोऱ्या माणसांतून सहदेवचा आवाज येतो, मोठा नाही, नेहमीचा.

"पान घातलंस?"

"घातलंय, दादा."

"बरां."

आणि कोणीही वळून बघत नाही. लवूला घाम फुटतो. त्यांनी वळून बघावं असंही वाटतं आणि वळलेच तर जीव जाईल असंही वाटतं. तो डोळे मिटून घेतो.

डोळे उघडतो तर समोर ताट. उर्मिलाच्या घरची पडवी, सहदेवच्या वर्षश्राद्धाचं जेवण. उर्मिला भात वाढतेय आणि दरवर्षीसारखी पहिली लवूच्या पाटापाशी आलीय. "काकांका पयलो," ती कोणाला तरी सांगते. "बाबांका शेवटपर्यंत ह्यांनीच धरलां होतां." शेजारच्या पाटावर सहदेव जेवायला बसलाय. त्याच्या ताटात काही नाही. उर्मिला त्याच्यापुढून जाते, त्याला वाढत नाही, कारण तिला तो दिसत नाही.

"तुका पयल्यांदा वाढता," सहदेव म्हणतो. "गुणाचां चेडू."

"दादा, माका उठू दे."

"जेव. कित्याक उठतंस?" तो रिकाम्या ताटावर बोट फिरवतो. "शनवारी ती वरच्या कड्याक येतली मां?"

लवूच्या घशात घास अडकतो. तो मान डोलावतो.

"तिच्या पुढे कोण चलतलो?"

"मी."

"आणि पान?"

लवू तोंड उघडतो. घातलंय, हाच शब्द जिभेवर येतो, सात वर्षं तोच येतोय. पोलिसपाटलाला तोच सांगितला, बायकोला तोच सांगितला, देवापुढे हात जोडूनही तोच सांगितला. पण आता घास आडवा आलाय आणि शब्द बाहेर पडत नाही. पडवीतला उजेड कमी कमी होत जातो. भाताच्या वाफेचं धुकं होतं, आणि धुक्यात कारवी हलतेय.

कडा.

लवू कड्याच्या वरच्या अंगाला आडवा पडलाय. हातात बंदूक आडवी धरलेली, तिचा पट्टा खाली सोडलेला. खालच्या धारेवर सहदेव उभा आहे, पट्ट्याला हात घालायच्या बेतात. त्या दिवशी होतं तसंच सगळं आहे. थोड्या वेळापूर्वी डुक्कर जवळून गेलं होतं, लवूने काडतूस भरून बोल्ट लावला होता. डुक्कर निसटलं आणि दोघं घाईने कडा चढायला लागले. लवू आधी वर आला. काडतूस काढायचं राहिलं. विसरला म्हणा, आळस केला म्हणा, आता काढतो मग काढतो असं झालं.

त्या दिवशी सहदेवने खालून विचारलं होतं. कारवी मध्ये होती, त्याला चेंबर दिसत नव्हतं. "पान घातलंस?"

आणि लवूने न बघता सांगितलं होतं, "घातलंय."

सहदेवने पट्टा धरला, अंगाचा भार टाकला. लवूने ओढलं आणि कारवीची काटकी चापात अडकली. बार कोणालाच लागला नाही, आडवा रानात गेला. पण तो सहदेवच्या कानाशी झाला, आणि त्याचे हात सुटले. बंदूक लवूच्या हातातच राहिली. माणसं धावत आली तोवर लवूने रिकामं काडतूस झुडपात फेकलं होतं, कुड्याचं पान तोडून चेंबरात खोचलं होतं. पान होतंच, दादा घसरला म्हणून ते काढून मदतीसाठी बार काढला, मग पान परत घातलं, असं सांगितलं. सगळ्यांना ते पटलं. सगळ्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

आता परत तोच कडा आहे. लवू खाली बघतो.

पट्ट्याशी सहदेव नाही. उर्मिला आहे. एका पायात चप्पल, एका पायात नाही. ती वर बघते, बापासारख्या कपाळाला आठ्या घालून.

"काका," ती म्हणते, "पान घातलात?"

लवूच्या हातातली बंदूक हलकी आहे. हातात आहे की नाही तेही कळत नाही. तो चेंबरकडे बघतो. बोल्ट बंद आहे. तो बोल्टची मूठ वर उचलायला जातो, पण बोटांत जीव नाही. कारवी चापाकडे वाकतेय. उर्मिलाचा हात पट्ट्याला लागतो. लवूला आयुष्यात इतकी भीती कधी वाटलेली नाही, सहदेव पडला तेव्हाही नाही. तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आता व्हायचंय.

सहदेव त्याच्या कुशीला आडवा पडलाय, खांद्याला खांदा लावून. त्याचा खांदा गार आहे.

"सांग तिका," तो कानाशी म्हणतो. "ती विचारता."

"दादा, ती माझ्या तोंडार थुकात."

"थुकूं दे. पट्टो धरण्याआधी सांग."

उर्मिलाची बोटं पट्ट्याभोवती मिटू लागतात.

"नाय," लवू म्हणतो. आवाज फुटत नाही. तो परत म्हणतो, सगळा जीव एकवटून. "उर्मिला, धरू नको. पान घालूक नाय."

"अहो काका. काका."

पंखा. तेलाचा वास. इनामदार काउंटरवरून वाकून बघतायत. "डोळा लागला व्हय? केवढ्यानं ओरडला. पाणी देऊ?"

लवूची बंडी घामाने अंगाला चिकटलीय. जिन्यावर पावलं वाजतात आणि उर्मिला झेरॉक्सचे कागद घेऊन आत येते, दोन्ही पायांत चपला. लवू त्या चपलांकडेच बघत राहतो.

"झालां काका," ती म्हणते. "हीच ठरली मां?" आणि त्याच्या मांडीवरची रायफल उचलायला वाकते. तिथेच थांबते.

रायफलचा बोल्ट उघडा आहे. चेंबरात एक पान खोचलेलं आहे. हिरवं, लांबट, देठाशी नुकतंच मोडलेलं.

"मघाशी दिली तेव्हा बोल्ट बंद होता की," इनामदार म्हणतात. "आणि हे कुठलं पान? इथं खाली तर सगळं डांबर आणि सिमेंट."

उर्मिला पान ओढून काढते. देठातून पांढरा चीक येतो आणि तिच्या बोटाला लागतो. ते झाड तिला ओळखता येतं, लहानपणापासून बघितलंय. "कुड्याचां," ती म्हणते. "काका, गावसून आणलात? माका शिकवूक?" ती थोडी हसते, म्हाताऱ्या माणसाच्या हट्टाला हसावं तशी. "सांगलंय मां तुमका, त्या दिवशी पान होतां, तरी..."

"नव्हतां," लवू म्हणतो.

ती बघत राहते.

"तुझ्या बाबान माका विचारलां. मी न बघता घातलंय म्हणान सांगलंय. काडतूस आत होतां. बार झालो आणि तेचे हात सुटले. पान मी मागीर घातलां, माणसां येवच्या आधी." तो न थांबता पुढे सांगतो. "शनवारी तू माझ्या मागसून चलू नको. दुसऱ्या कोणाच्याय मागसून चल. पण पान बघल्याशिवाय पट्टो धरू नको."

इनामदारांनी पेन खाली ठेवलंय.  कागद उर्मिलाच्या काखेतून घसरून फरशीवर पडतात, ती उचलत नाही. लवू मान वर करून तिच्याकडे बघतो, कारण आता बघायलाच हवं.

तिच्या मुठीत पान आहे. बोटांच्या फटीतून चीक मनगटापर्यंत आलाय.