मास्तरांची तिसरी वेळ

सगळे त्यांना मास्तर म्हणत. बावीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. शिकणाऱ्यानं दहादा गाडी बंद पाडली तरी मास्तरांचा आवाज कधी चढला नाही. आणि हेच मास्तर पिऊन गाडी चालवताना तिसऱ्यांदा पकडले गेले. तेही भर दुपारी, ड्रायव्हिंग स्कूलचं नाव रंगवलेल्या गाडीत. कोर्टानं लायसन्स काढून घेतलं आणि बारा आठवडे समुपदेशनाला जायला फर्मावलं.

तिथे खुर्च्या गोलात मांडलेल्या. मास्तरांनी दाराजवळची धरली.

"इथे कशामुळे आलात?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

"नशीब," मास्तर म्हणाले.

"नशिबाच्या तोंडाला वास येत होता का?" शेजारचा टेम्पोवाला पुटपुटला. सगळे हसले. मास्तरही हसले, पण कानशिलं तापली.

पाच आठवडे त्यांनी एकच टेप लावली: दोन पेगनी मला काही होत नाही, हात बसलेला आहे, आजवर कुणाला ओरखडाही नाही. सहाव्या आठवड्याला घरचं माणूस आणायचं होतं. लेक ऑफिसातून अर्धी रजा टाकून आली.

"हा आमचा रेडिओ," मास्तरांनी ओळख करून दिली. "लहानपणी गाडीत बसली की तोंडाला विश्रांती नाही."

लेक हसली नाही. "बाबा, तुमची मान खाली जायची. मी गप्प झाले की डुलकी लागायची तुम्हाला. म्हणून बोलत राहायचे. शाळेतलं सगळं सांगून झालं की पाढे म्हणायचे. आठ वर्षांची होते मी."

मास्तरांना तोंड कुठे लपवू असं झालं. परक्यांना शिकवताना शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाखाली जादा ब्रेक असे. या पोरीकडे नुसती जीभ होती.

त्यानंतर नशिबाचं नाव त्यांनी काढलं नाही. बाईंनी वही दिली: प्यावंसं वाटलं की वेळ आणि कारण लिहायचं. कारणापुढे बहुतेकदा "काही नाही" असंच लिहिलेलं. नवव्या आठवड्यात ते घसरले, आणि कुणी न विचारता सगळ्यांसमोर तसं सांगितलं. बारा संपल्यावर आपणहून आणखी बारा आठवडे गेले.

स्कूलच्या मालकानं त्यांना रस्त्यावरची चिन्हं शिकवायचं काम दिलं. नवे विद्यार्थी विचारत, "मास्तर, तुम्ही गाडीवर का येत नाही?" महिनाभर ते डोळ्यांचा त्रास सांगत राहिले. मग एके सकाळी एका मुलीला खरं काय ते सांगून टाकलं. तिनं मान खाली घातली आणि वहीत उगाच काहीतरी खोडलं. मास्तर खडू घेऊन फळ्याकडे वळले आणि तिच्याकडे पाठ करून पुढचं चिन्ह काढू लागले.